भावपूर्ण श्रद्धांजली, दुपारी चार वाजता

धुळ्यात देवपूरच्या टोकाला एक छोटा हॉल आहे. तिथे अकरा वर्षं मी स्पीकर लावतो. एकदा माझ्या स्पीकरचा आवाज इतका दणाणला, की समोरच्या गोठ्यातल्या म्हशीने दुधाऐवजी थेट दहीच दिलं. ही गोष्ट अख्ख्या धुळ्याला पाठ आहे आणि आजवर कुणालाही पटलेली नाही. मला जीवराम नाना म्हणतात. पाठीमागे थापाड्या नाना म्हणतात, आणि ज्यांच्या घरच्या लग्नाचा मंडप मी घातलाय ते तोंडावरही म्हणतात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ऐकणाऱ्याचा चहा थंड झाला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. पण त्या रविवारचं सांगतोय त्यात मी मीठ-मिरची घातलेली नाही. घालायची गरजच पडली नाही.

दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या चार पोरांचा एक बँड होता. चौघांचे केस खांद्याच्या खाली, अंगात काळे टी-शर्ट, मनगटावर खिळे ठोकलेले पट्टे. काय वाजवता म्हणून विचारलं तर म्हणाले, हेवी मेटल. मी म्हटलं, जड धातू का, भांड्यांचं दुकान आहे वाटतं. त्यांना हसू आलं नाही. कुठल्याशा विलायती बँडची गाणी ते वाजवायचे. त्या बँडचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. त्यात कबर होती, लोखंड होतं आणि मधे कुठेतरी एक कावळा होता, म्हणून मी त्यांना आपला कावळेवाले म्हणायचो. मूळ कावळेवाले म्हातारे होऊन तिकडे घरी बसले, आणि इकडे ही पोरं त्यांचीच गाणी जशीच्या तशी, किंकाळ्यांसकट वाजवायची. याला ट्रिब्यूट म्हणतात, असं मला ढोल वाजवणाऱ्या प्रशीलने समजावलं. प्रशील गुणी पोरगा. त्याचे वडील वीज केंद्रातून रिटायर झालेले, स्वतः तो तिथेच कंत्राटावर.

किंकाळी मारायचं काम तेजसकडे. तोही कंत्राटावरच, पण मूळचा दोंडाईचाचा. त्याचा बाप पितांबर तिथल्या मिरची बाजारात मापाडी आहे. पितांबरच्या लग्नाचा मंडप माझा होता, त्यामुळे त्या घराची मला खबर असायची. बाप-लेकात तीन वर्षं बोलणं नव्हतं. कारण ऐकाल तर एवढंसं, आणि आमच्याकडचा माणूस असाल तर डोंगराएवढं.

तीन वर्षांपूर्वी पितांबरची आई वारली. दहाव्या दिवशी नदीवर सगळे भाऊबंद केस द्यायला न्हाव्यापुढे रांगेने बसले. नातवाची पाळी आली तसा तेजस उठला आणि म्हणाला, मी केस देणार नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा भुसावळला कार्यक्रम होता, आणि चकोट डोक्याने कावळेवाल्यांची गाणी म्हणणारा कुणी त्याने पाहिला नव्हता. दीडशे माणसं बघत होती. ओल्या डोक्याने पितांबर उभा राहिला आणि म्हणाला, "मी मरसू तवय बी येऊ नको." तेजस तिथूनच बसस्टँडवर गेला. तेव्हापासून घर बंद. आई लिलाबाई चोरून फोन करायची. बापाने कधी केला नाही, आणि याने कधी वाट बघतो असं दाखवलं नाही.

आता माझी करणी सांगतो.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी प्रशीलचा फोन आला. ट्रिब्यूट शो आहे नाना, बॅनर मराठीत करा, तेजसचा फोटो मोठा टाका. मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. कॉम्प्युटरवर डिंपल बसते. तिला ट्रिब्यूटचं मराठी माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. तिने मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "श्रद्धांजली."

एकदा श्रद्धांजली म्हटलं की डिंपलला पुढचं सांगावं लागत नाही. दिवसाला दोन-तीन तरी करते ती. डाव्या कोपऱ्यात समई, खाली कमळ, मधे फोटो, फोटोला झेंडूचा हार, वर भावपूर्ण श्रद्धांजली. खाली 'शोकाकुल : समस्त मित्र परिवार' हे त्या डिझाईनबरोबर आपोआपच येतं. तेजसचा फोटो असा, की डोळे मिटलेले, मान वर, केस हवेत. हारात असा काही शोभला की माझेच हात जोडले गेले. स्थळ हॉलचं, वेळ रविवारी दुपारी चार. डिंपल हळहळली. "नाना, केवढा तरुण आहे. कशाने गेला हो?"

तिथे मी बोलायला हवं होतं. बाई, मेला नाही तो, गातो, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोक्यात वेगळाच हिशोब फिरत होता. हेवी मेटलला धुळ्यात दहा माणसं आली असती, आणि त्यातली सहा उन्हातून सावलीला म्हणून. श्रद्धांजलीला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. हॉल भरेल, पोरं खूश होतील, पडदा उघडला की लोक हसतील आणि दहा वर्षं माझं नाव निघेल. म्हणून मी तोंड पाडून डिंपलला सांगितलं, "आवाजाने गेला."

शनिवारी संध्याकाळी फ्लेक्स छापून झाला तसा तिने तो स्टेटसला ठेवला. दोंडाईचात तिची मावशी राहते, हे मला कुठे ठाऊक.

रविवारी सकाळी आठला पोरं टेम्पोतून ढोल-गिटार घेऊन आली. फाटकावरचा फ्लेक्स बघून बाकीचे दोघं पोट धरून हसले. प्रशील हसला नाही. तो म्हणाला, "नाना, आमच्याकडे जयंतीच्या बॅनरवर अभिवादन म्हणतात. अभिवादन लिहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं." मी म्हटलं, झालं ते झालं. तोही सोडून देणार होता. तेवढ्यात तेजसने मोबाईल बाहेर काढला. तो रात्रभर टेम्पो भरण्याच्या गडबडीत बंद पडला होता. चार्जरला लावला तसे एकामागून एक मिस कॉल दिसायला लागले. एकतीस. बहुतेक चुलत बहीण पुनमचे, काही आईचे, बाकी गल्लीतल्यांचे. तेजस खालपासून वरपर्यंत यादी बघत गेला, मग परत वरून खालपर्यंत. बापाचा नंबर त्यात नव्हता.

आमच्याकडे श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला की फोन करून कसा गेला, केव्हा गेला, असं घरच्यांना विचारत बसत नाहीत. दारावर जायचं असतं. म्हणजे सुतकाच्या घरी, समोर बसून रडायला. पत्ता हॉलचा दिलेला, म्हणजे ते हॉलवर येणार, हे तेजसला आणि मला दोघांनाही एकाच वेळी कळलं. मी ब्लेड घेऊन फ्लेक्सची दोरी कापायला निघालो. तेजसने ब्लेड माझ्या हातातून काढून घेतलं.

"राहू द्या नाना," तो म्हणाला. "बघू, येतो का तो."

प्रशील म्हणाला की हे बरं नाही. तेजस म्हणाला, मी जिवंत असताना बाप येत नाही. मेल्यावर येतो का, एवढं बघू दे. मग त्याने फोन पुन्हा बंद केला आणि पोहे खायला बसला.

मी हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ गेलो आणि पितांबरला फोन लावला. नऊ वाजले असतील. त्याने उचलला.

"पितांबर भाऊ, मी जीवराम, मंडपवाला. तुमचा तेजस चांगला आहे. माझ्या डोळ्यांसमोर पोहे खातोय. तो बॅनर चुकून झाला. माझ्या हातून झाला."

पलीकडे पितळी वाटीत पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. आणखी काहीतरी बारीक खरखर चालली होती. मला वाटलं लाईनच खराब आहे.

"जीवराम," पितांबर म्हणाला, "आज तरी लबाड नको बोलू भाऊ."

"खरं सांगतो, आईची शप्पथ."

"तुनी माय तू सात येळा मारी टाकेल शे," तो म्हणाला. "तिनी शप्पथ नको खाऊ."

हे मात्र खोटं नव्हतं. मंडपाला उशीर झाला की मी आई वारल्याचं सांगायचो, आणि ती बिचारी अजून घरी बसून कांदे निवडते. पितांबरने फोन ठेवला. मी परत लावला, त्याने उचलला नाही. फोन घेऊन मी तेजसकडे गेलो. म्हटलं, लिलाबाईला लावून देतो, नुसतं हॅलो म्हण. तो पोह्यांतली मिरची बोटाने बाजूला काढत राहिला. मग विचारलं, "तो निघालाय का?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग थांबा," तो म्हणाला.

आणि मी थांबलो. पुनमचा नंबर मागून घेता आला असता, भाड्याची गाडी करून वीसेक किलोमीटरवरच्या सोनगीरच्या फाट्यावर त्यांना अडवता आलं असतं. पण मनात आलं, येऊ दे. बाप पोराला धडधाकट बघेल, रडेल, मिटेल एकदाचं. शिवाय हॉल भरेल. हे दुसरं मी स्वतःशीही मोठ्याने म्हटलं नाही.

हॉल भरला. साडेतीनलाच सतरंज्या कमी पडल्या. एका बाजूला पांढऱ्या टोप्या, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. तेजसला ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं. फ्लेक्सवर वेळ आणि जागा होती, एवढं त्यांना पुरलं. स्टेजचा पडदा ओढलेला, पडद्यापुढे खुर्चीवर हार घातलेला फोटो. कुणीतरी आपणहून उदबत्ती लावली. पडद्याच्या आड चौघं तयार होऊन उभे. मी स्टेजच्या कडेला मिक्सरवर, तेजसपासून दोन हातांवर. पडद्याच्या फटीतून तो दाराकडे बघत होता.

वॉर्डातले एक पुढारी आले होते. माईक दिसला की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यांनी सांगितलं की तेजस हा आपल्या वॉर्डाचा हिरा होता, आणि देवपूरच्या गटारींसाठी त्याने जो पाठपुरावा केला तो पुढची पिढी विसरणार नाही. माझ्या मागे गिटारवाल्याने तोंडात रुमाल कोंबला. तेजसच्या तोंडावरची रेष हलली नाही. प्रशील हळूच म्हणाला, "चार वाजून गेले. सुरू करूया आणि संपवूया." तेजसने मान हलवली, अजून नाही. पुढाऱ्यांचं भाषण लांबावं असं वाटणारा सबंध धुळ्यात तो एकटाच असेल.

अखेर पुढारी म्हणाले, आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं. हॉल उभा राहिला. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. त्या दोन मिनिटांत दारातून पितांबर आणि लिलाबाई आत आले.

पितांबरने चपला काढल्या आणि तिथेच थांबला. डोक्यावर टोपी कपाळापर्यंत ओढलेली. लिलाबाई चार पावलं पुढे आली. तिला खुर्चीवरचा हार दिसला. तिने जो हेल काढला, तो मी नाही सांगू शकत. बाकीच्या बायांनी तो उचलला. ज्या पोराचं नावही त्यांना माहीत नव्हतं, त्याच्यासाठी साठ-सत्तर बाया एका सुरात रडायला लागल्या.

माझ्या शेजारी तेजसने तोंड उघडलं. मला वाटतं त्याला आई म्हणायचं होतं. ओठ तसेच झाले होते. पण माईक हातात होता, छाती भरून आली होती, आणि तीन वर्षं त्या गळ्याला एकच वाट माहीत होती. आतून निघाली ती कावळेवाल्यांच्या पहिल्या गाण्याची किंकाळी. आवाजाचं बटण माझ्या बोटाखाली होतं आणि मीच ते दुपारपासून वर करून ठेवलं होतं. किंकाळी ऐकली की ढोलावर काठी मारायची, एवढं प्रशीलच्या हाताला शिकवलेलं, त्याने मारली. पडदा ओढणारा घाबरून दोरीला लटकला आणि पडदा उघडला.

समोर फोटो आणि फोटोच्या मागे तोच पोरगा, केस मोकळे सोडून, किंचाळत. पुढारी खुर्चीवर चढले. पुढच्या रांगेतला एक म्हातारा अनवाणी पळाला तो सोनगीरला थांबला, आणि त्याच्या चपला अजून माझ्याकडे आहेत. हे खोटं वाटत असेल तर येऊन बघून जा.

तेजसने माईक टाकला आणि स्टेजवरून उडी मारली. लिलाबाईने त्याचं तोंड चाचपलं, कान चाचपले, एक जोराची थोबाडीत मारली आणि मग त्याला धरलं ते सोडेना. पितांबर चपलांच्या ढिगाजवळच होता. खाली बसला होता. आईला तसंच बाजूला धरून तेजस त्याच्याकडे गेला आणि पायाशी वाकला. बापाने त्याला वर ओढून छातीशी घेतलं, त्या ओढाताणीत बापाची टोपी पडली.

डोकं तुळतुळीत होतं. सकाळचंच. कानावर वस्तऱ्याचे दोन ताजे काप.

पितळी वाटीतलं पाणी मला तेव्हा कळलं. आमच्याकडे मोठ्याने धाकट्यासाठी केस द्यायचे नसतात. बापाने तर नाहीच नाही. पितांबरने दहाव्याची वाट बघितली नव्हती, भाऊबंद बोलावले नव्हते, एकटाच बाजारातल्या न्हाव्याकडे जाऊन बसला होता. मी ज्या वेळी त्याला खरं सांगत होतो त्या वेळी त्याचे केस खाली पडत होते.

तेजस त्या डोक्याकडे बघत राहिला. बापाचा हात त्याच्या लांब केसांत गेला. मापाड्याचा हात, मिरचीने कायमचा लाल झालेला. केस ओढतो की काय असं मला वाटलं. त्याने नुसते मागे सारले.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आते ऱ्हाऊ दे."

मग त्याने तेजसची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"तुले मालूम व्हतं का?"

हॉलमध्ये शंभर माणसं होती आणि पंखे. तेजसचे ओठ हलले. प्रशील स्टेजवर ढोलाच्या काठ्या बघत होता. मला ठाऊक होतं की हे पोरगं आता हो म्हणेल, कारण बापाचं ते डोकं समोर असताना त्याला खोटं बोलता येणार नव्हतं. आणि हो म्हटलं असतं तर आणखी तीन वर्षं नाही, जन्मभराचं बोलणं गेलं असतं.

खोटं बोलता येणारा तिथे एकच माणूस होता.

"त्याला कुठून मालूम असणार?" मी पुढे होऊन म्हटलं. "पोरांना मी मागच्या दाराने आणलं. फ्लेक्स त्यांनी बघितलाच नाही. फोन मी सकाळी येताच काढून घेतले, स्पीकरमध्ये खरखर येते म्हणून. हॉल भरावा म्हणून मी केलं हे सगळं. सकाळी तुम्हाला फोन केला तोही त्याच्यापासून चोरून."

शेवटचं तेवढं खरं होतं, आणि हॉल भरण्याचंही. पितांबरने माझ्याकडे बघितलं. सकाळी आईची शप्पथ खाऊन सांगितलेलं ज्याला पटलं नव्हतं, त्याला हे शब्दन् शब्द पटलं. त्याने ढिगातली एक चप्पल उचलली. दोन मारल्या, एक खांद्यावर, एक गालावर. तिसरीला लिलाबाईने हात धरला. तेजस बघत उभा होता. तो काही बोलला नाही. माझीही तशी अपेक्षा नव्हती, असं मी आता म्हणतो.

संध्याकाळच्या गाडीने तिघं दोंडाईचाला गेले. बसमध्ये चढेपर्यंत पितांबरने पोराचं मनगट सोडलं नव्हतं, खिळ्यांच्या पट्ट्यासकट.

पंधरा दिवसांनी प्रशील ढोलाची राहिलेली पिशवी न्यायला आला. त्याने सांगितलं की तेजस दीपनगरला कामावर आला तो डोकं भादरून. कुणी विचारलं तर उत्तर देत नाही. बँड सोडला. गाणं लावलं तर उठून बाहेर जातो. दर शनिवारी दोंडाईचाला जातो, रविवारी परत येतो. "घरी सगळं चांगलं चाललंय म्हणे," प्रशील म्हणाला आणि पिशवीची चेन लावत बसला. चेन केव्हाच लागली होती.

धुळे स्टँडवर मला एकदा तेजस दिसला, खिडकीत. एव्हाना डोक्यावर अर्ध्या बोटाचे केस यायला हवे होते, ते त्याने पुन्हा काढले असावेत. त्याने मला बघितलं आणि खिशात तिकीट शोधायला लागला. गाडी निघून वळणाला जाईपर्यंत शोधत होता. त्या दिवशी खरं काय झालं ते माहीत असलेली माणसं मोजकी. त्याच्यासाठी चप्पल खाल्लेला मी एकटा. त्याला माझं तोंड कसं बघवणार.

दोंडाईचात मला आता कुणी मंडपाला बोलावत नाही, ते साहजिकच आहे. पण गेल्या महिन्यात पितांबरचाच फोन आला. मला वाटलं, तिसरी चप्पल राहिलीय.

"जीवराम, माले कोनी सांगत नही," तो म्हणाला. "त्यानी केस काबर कापात रे? मी तर ऱ्हाऊ दे म्हने."

मी पाण्याच्या टाकीजवळच उभा होतो, योगायोगाने. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. खरं एकदा, त्याच जागेवरून, त्याच माणसाला सांगून बघितलं होतं.

"पॉवर हाऊसला नवीन साहेब आलाय," मी म्हटलं. "हेल्मेटच्या खाली केस दिसले की गेटवरून परत पाठवतो."

"असं का."

"असंच."

"मंग बरं शे," पितांबर म्हणाला. त्याच्या आवाजातलं ओझं उतरलेलं मला इथे ऐकू आलं. गाल दुखतो का अजून, असंही त्याने विचारलं.

तेव्हापासून तो आठवड्याला फोन करतो. तेजस घरी जेवतो पण बोलत नाही, ते का. रात्री उठून ओट्यावर बसतो, ते का. मी सांगतो. पाळी बदलली, झोपेचं गणित बिघडलंय. गळ्याला डॉक्टरने आराम सांगितलाय. तो सगळं मान्य करतो. परवा मलाच असह्य झालं, म्हणून त्याला मुद्दाम म्हशीची गोष्ट सांगून बघितली. म्हटलं, आता तरी शिवी देईल.

पितांबरने सगळी ऐकून घेतली. मग त्याने विचारलं, दही घट्ट होतं का.